सायनससाठी कोणता आहार आणि सप्लिमेंट घ्यावीत? दही-ताक बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय की दोन महिने सायनसचा त्रास आहे, दही, ताक, केळी सोडून झाली, आता झिंक आणि व्हिटॅमिन सी सुरू करू का. ताकाचं वाचलं आणि राहवलं नाही.

मी दोन वर्षं ताक प्यायलो नाही. साडूंमुळे. ते वयाने मोठे, नोकरी सांभाळून सप्लिमेंटचं चेन मार्केटिंग करतात, त्यामुळे आमच्या सासुरवाडीत कुणी शिंकलं तरी डबा उघडतो. माझा त्रास असा: उजव्या गालात ठणका, बुटाची नाडी बांधायला वाकलं की डोळ्याखाली दगड भरल्यासारखं जड, आणि उजव्या नाकपुडीत कुजका वास. साडूंनी फोनवरच निदान केलं, कफ. दही, ताक, केळी, काकडी, पेरू, रात्रीचा भात, सगळं बंद. वर तीन डबे: व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम, झिंक ५० मिलिग्रॅम आणि ब्रोमेलेन नावाच्या कॅप्सूल. महिन्याला साडेतीन हजार, नात्यातला म्हणून सवलत धरून. झिंक उपाशीपोटी घेतलं की मळमळायचं. त्यावर साडू म्हणायचे, "पाव्हणं, शरीर शुद्ध होतंय, होऊ दे."

त्यात चुलत मेहुणीचं लग्न आलं. पंगतीत जिलबी, मसालेभात आणि आलं-कोथिंबीर घातलेला गार मठ्ठा. वाढपी माझ्यापाशी आला तसा शेजारी बसलेल्या साडूंनी माझ्या ग्लासावर पंजा ठेवला. "ह्यांना नको, सायनस आहे." अख्ख्या पंगतीने माझ्याकडे बघितलं. वाढप्याने तर बहुतेक लागण होते की काय अशा बेताने ग्लासच उचलून नेला.

शेवटी बायकोने मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काय खाता हे विचारलंच नाही. विचारलं, "दोन्ही बाजूंना की एकाच? वास येतो? वरच्या दाढेचं काही काम झालंय?" झालं होतं, सहा वर्षांपूर्वी उजव्या वरच्या दाढेत सिमेंट भरलेलं. ती कधी दुखली नाही म्हणून मी विसरूनही गेलो होतो. सीटी स्कॅनमध्ये गालामागचा डावा सायनस, म्हणजे हाडातली पोकळी, स्वच्छ आणि उजवा गच्च भरलेला, खाली त्याच दाढेच्या मुळाशी काळा डाग, म्हणजे जंतुसंसर्ग. वरच्या दाढांची मुळं आणि हा सायनस यांच्यामध्ये हाडाचा जेमतेम पापुद्रा असतो. आणि सायनसचं तोंड तळाला नसून वरच्या अंगाला असतं, घागरीसारखं. भरली की आपोआप रिकामी होत नाही. दाढ काढली, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, तीनेक आठवड्यांत वास गेला.

आता डब्यांबद्दल. रोज व्हिटॅमिन सी घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी साधारण ८ टक्के लवकर आटोपते, म्हणजे सात दिवसांची सर्दी अर्धा दिवस आधी. आणि मला पूर्वी मुतखडा होऊन गेलेला! इतक्या व्हिटॅमिन सीने खडा परत होऊ शकतो, म्हणून १००० मिलिग्रॅमचं ऐकून डॉक्टर माझ्यावरच उखडले. झिंकची मोठ्या माणसाची वरची मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम, त्याहून जास्त महिनोन् महिने घेतलं तर अंगातलं तांबं कमी होतं. ब्रोमेलेन अननसाच्या खोडातून काढतात, सायनससाठी त्याचा भक्कम पुरावा नाही आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर धोकाच.

दह्या-दुधाने कफ तयार होत नाही. दूध लाळेत मिसळलं की घशाशी दाट लागतं, लोक त्यालाच कफ म्हणतात. एखाद्या पदार्थाने तुम्हाला दर वेळी त्रास होत असेल तर तो सोडा, शेजाऱ्याला होतो म्हणून नको. गरम काहीतरी प्यावं हे मात्र खरं. आमच्याकडे हुलग्याचं माडगं करतात, लसूण-जिरं घालून. त्याने नाक सुटतं, बरं वाटतं, पण तास-दोन तासच.

खाण्यापेक्षा मला उपयोग झाला तो मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा. कपभर पाण्याला अर्धा छोटा चमचा मीठ, रोज एकदा. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या. अमेरिकेत लुइझियानात २०११ साली नळाचं पाणी नेतीला, म्हणजे असंच नाक धुवायला, वापरल्यामुळे दोघं दगावले, नाकातून अमिबा मेंदूत गेला.

हे आधी लिहायला हवं होतं: मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येकाचा सायनस दाढेतून येत नाही. बहुतेकांचा साध्या सर्दीतून येतो आणि दहा-बारा दिवसांत गोळीशिवाय जातो. पण तुमचे दोन महिने झालेत, तेव्हा गोळ्यांचं दुकान नंतर बघा, आधी नाक दाखवा. त्रास एकाच बाजूला असेल तर दातही. डोळ्याभोवती सूज, जोराचा ताप, दोन-दोन दिसणं यातलं काही असेल, किंवा शुगर असून गाल बधिर होत असेल, तर त्याच दिवशी जा.

गेल्या मे महिन्यात दुसऱ्या मेहुणीचं लग्न झालं. साडूंच्या शेजारी बसून मी मठ्ठ्याचे तीन ग्लास प्यायलो. ते समोरच्या पाहुण्यांना सांगत होते, "बघा, कॅप्सूलचा गुण जरा उशिरा येतो, पण येतो."