वाचकांचे प्रश्न : कॉलेज फुटबॉलचे अंदाज आणि कांद्याचा भाव

प्रश्न : मी नाशिकमधून एका अमेरिकन कंपनीसाठी काम करते. आमचे ओहायोतील सहकारी तिकडच्या कॉलेज फुटबॉलच्या (लांबट चेंडूने खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलच्या) दर आठवड्याच्या दहा सामन्यांचे विजेते ओळखण्याची स्पर्धा घेतात. पैशांचा संबंध नाही. हंगामाच्या शेवटी पहिल्या आलेल्याला जर्सी मिळते. प्रत्येक सामन्याला आपल्या खात्रीनुसार १ ते १० यांपैकी एकेक आकडा द्यायचा आणि अंदाज बरोबर आला तर तेवढे गुण मिळवायचे, असा नियम आहे. सहा आठवड्यांनंतर मी चौदा जणांत अकरावी आहे. गेल्या शनिवारचा माझा तक्ता सोबत पाठवते. खेळ पुरता न कळणाऱ्याने अंदाज कसे बांधावेत?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तुमचा तक्ता मी एकेक सामना घेऊन तपासला. दहापैकी सात निवडी बरोबर आल्या आहेत, म्हणजे विजेते ओळखण्यात तुम्ही मुळीच कमी पडलेल्या नाहीत. तरीही ५५ पैकी ३१ गुणच पदरात पडले, कारण चुकलेल्या तीन सामन्यांना तुम्ही १०, ८ आणि ६ असे आकडे दिले होते. दोष निवडीत नसून क्रमात आहे. जो संघ अवघ्या चार गुणांनी वरचढ मानला जात होता त्याला, आदल्या आठवड्यात तो ३१ गुणांनी जिंकला म्हणून, तुम्ही १० दिले. आणि जो चोवीस गुणांनी वरचढ मानला जात होता त्याला २.

हे ‘वरचढ मानले जाणे’ म्हणजे तिकडच्या बातम्यांत प्रत्येक सामन्यापुढे छापला जाणारा गुणफरकाचा आकडा, ज्याला स्प्रेड म्हणतात. तो सट्ट्यासाठी ठरतो. आपल्याला पैसे लावायचे नाहीत, आकडा तेवढा वाचायचा आहे. लासलगावच्या लिलावात कांद्याचा भाव निघतो तेव्हा त्यात पावसाची, आवकेची, निर्यातीची सगळ्या व्यापाऱ्यांना असलेली माहिती एकत्र आलेली असते, आणि एकट्या माणसाने घरी बसून केलेला हिशोब त्या भावापेक्षा अचूक निघणे अवघड असते. स्प्रेडचेही तसेच आहे. तीन-चार गुणांनी वरचढ असलेला संघ शंभरातून साधारण साठ वेळा जिंकतो, सात गुणांनी वरचढ असलेला सत्तरहून थोडा अधिक, आणि तीन टचडाऊनच्या, म्हणजे एकवीस गुणांच्या पुढे हे प्रमाण पंच्याण्णवाच्या आसपास जाते. म्हणून दहाही सामने स्प्रेडच्या उतरत्या क्रमाने लावावेत आणि त्याच क्रमाने १० पासून १ पर्यंत आकडे द्यावेत. एवढे केले तरी तुमची निम्मी गळती थांबेल.

घरच्या मैदानाचा फायदा अडीच-तीन गुणांचा धरतात. पण तो स्प्रेडमध्ये आधीच मिळवलेला असतो, म्हणून तो पुन्हा मिळवू नये. गेल्या आठवड्याच्या मोठ्या विजयाबाबत तर फारच सावध राहावे. तुमच्या त्या संघाला ३१ गुणांच्या विजयात प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेले चेंडू तीनदा मिळाले होते. लांबट चेंडू जमिनीवर पडला की कोणत्या बाजूला उसळेल हे कोणाच्याच हातात नसते, आणि पुढच्या शनिवारी ते दान तसेच पडेल असे मानायला काही आधार नसतो.

अनपेक्षित निकालांनी मात्र पद्धत बदलू नये. २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात अंतिम सामना खेळलेल्या दोन्ही संघांचे उदाहरण घ्या. नोत्र दाम त्याआधी ७ सप्टेंबर २०२४ रोजी घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १४-१६ असा हरला होता, आणि ओहायो स्टेट ३० नोव्हेंबरला, सुमारे वीस गुणांनी वरचढ असताना, घरीच मिशिगनकडून १०-१३ असा. त्या दोन्ही दिवशी मोठा आकडा लावणाऱ्यांचे गुण गेले, तरी त्यांची निवड चुकीची नव्हती.

आता तुमच्या अकराव्या क्रमांकाचा विचार करू. सगळ्यांनी हीच पद्धत धरली तर सगळ्यांना जवळजवळ सारखेच गुण मिळतील आणि तुम्ही मागेच राहाल. म्हणून आठवड्यातून एक किंवा दोन ठिकाणीच वेगळे जावे, आणि ते अटीतटीच्या सामन्यात, जिथे तुमचे बहुतेक सहकारी एकाच संघावर गेले असण्याची शक्यता आहे. साठ-चाळीसच्या सामन्यात ३ हा आकडा लावून उलट निवड केली, तर सरासरीने तुमचा तोटा अर्ध्या गुणाहून जेमतेम अधिक होतो. पंच्याण्णव-पाचच्या सामन्यात १० लावून तेच केले तर नऊ गुण जातात. जो पहिल्या क्रमांकावर आहे त्याने याच्या उलट, गर्दीबरोबर राहावे.

एक सोय नाशिककरांना आयती आहे. बिग टेन या कॉलेज संघांच्या गटातील संघ २०२३ पासून सामन्याच्या दोन तास आधी जायबंदी खेळाडूंची यादी जाहीर करतात. ओहायोच्या वेळेने दुपारी बाराला सुरू होणाऱ्या सामन्याची यादी आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसातला येते (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेआठला). क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या आक्रमणाचा सूत्रधार, खेळणार नसेल तर स्प्रेड लगेच हलतो. तुमची मुदत सामना सुरू होईपर्यंत असेल, तर तक्ता शुक्रवारी न पाठवता त्या वेळी पाठवावा.

प्रश्न : डिसेंबरमधील बाऊल सामन्यांनाही हीच पद्धत चालेल का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : बाऊल म्हणजे हंगाम संपल्यावर निवडक संघांत होणारे सामने. तिथेही ती चालेल, पण हंगामातील कामगिरीवर विसंबू नका. २०१६ च्या डिसेंबरात स्टॅनफर्डचा ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि लुइझियाना स्टेटचा (एलएसयू) लिओनार्ड फोर्नेट यांनी व्यावसायिक संघांकडून होणाऱ्या निवडीपूर्वी दुखापत नको म्हणून बाऊल सामना सोडला, तेव्हापासून असे करणारे वाढत गेले; शिवाय आता त्याच सुमारास बरेच खेळाडू दुसऱ्या कॉलेजात जाण्याच्या तयारीत असतात. कोण खेळणार हे आधी पाहावे.

२०२४ पासूनच्या बारा संघांच्या, विजेतेपद ठरवणाऱ्या बाद फेरीत खेळाडू टिकून असतात, पण तिथे मानांकनाला भुलू नये. त्या हंगामात पहिली फेरी न खेळता पुढे गेलेले चारही संघ उपांत्यपूर्व फेरीत हरले. त्यांपैकी बॉइसी स्टेटला तिसरे आणि ॲरिझोना स्टेटला चौथे मानांकन होते. स्प्रेडमध्ये मात्र त्यांच्याविरुद्ध खेळणाऱ्या पेन स्टेट आणि टेक्सासचे पारडे आधीपासूनच जड होते.