आईला नाशिकमध्येच राहायचंय

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय: आई ७८ वर्षांची, इंदिरानगरला एकटी राहते, मध्यंतरी बाथरूममध्ये घसरून पडली. चोवीस तासांची बाई ठेवू की वृद्धाश्रम बघू?

ताई, दोन्हींची घाई नको. चोवीस तासांची बाई आली की आधी आईच्या हातातली कढई जाते, मग भाजी निवडणं, आणि बघता बघता ती खरोखरच परावलंबी होते. फोनवर ‘बरी आहेस ना?’ विचारलंत तर ‘बरी आहे’ हेच ऐकू येणार. त्यापेक्षा अंघोळीची भीती वाटते का, सिलेंडर कोण लावून देतं, गोळ्यांची वेळ चुकते का, हे विचारा. जिथे अडतं तेवढ्याच वेळेला माणूस लावा. सकाळी दोन-तीन तास मावशी, अंघोळ त्याच वेळात, पोळी-भाजीचा डबा; आईचं एवढ्यावर भागूही शकेल. आमटी-भात तिला करायचा असेल तर करू द्या की!

बाथरूमचं काम मात्र याच आठवड्यात करून घ्या. कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा, रात्रभर जळणारा छोटा दिवा, आणि आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल असं लॅच.

मावशी ब्युरोची असली तरी पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद स्वतः बघा. पगार आईच्या हातून जाऊ द्या. तो तिकडून परस्पर गेला की मावशी तुमचं ऐकते, आईचं नाही.

बँकेसाठी तिला रिक्षा करायला लावू नका. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन करून देतो. सत्तरीनंतर ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान कार्डही निघतं. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि रुग्णवाहिकेचा १०८, दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटवा.

पण रात्री दोन वाजता धावून येणार शेजारीच. घराची एक किल्ली त्यांच्याकडे हवी. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात आईचं नाव घाला. एक दिवस दिसली नाही तर कुणीतरी फोन करतंच.

आणि हो, २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. मावशी पंचवटीतून येणारी निघाली तर त्या दिवसांत रस्ते बंद म्हणून अडकेल. आदल्या रात्रीच मुक्कामाला ये, असं तिच्याशी आधीच बोलून ठेवा.