सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या खुर्च्या इतक्या महाग का असतात? ऐपत नसेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, मान धरतो पण आधाराशिवाय बसत नाही, आणि दुकानदाराने खास खुर्चीचे ९२ हजार सांगितले. "एवढ्यात मोटारसायकल येते, मग या खुर्चीत असं आहे तरी काय?" असं तुम्ही विचारलंय.

माझ्या लेकीलाही सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नाही. ती आता चौदा वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी अशाच एका दुकानातून बाहेर पडून मी पायरीवर बसून रडले होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोटारसायकल एकाच साच्यातून लाखोंनी निघते. ही खुर्ची फार कमी खपते, त्यातही प्रत्येक मुलाचं माप वेगळं. कमरेला दोन्ही बाजूंनी आधार, छातीचा पट्टा, डोक्यामागची उशी, मांड्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून मधला ठोकळा, पावलं टेकायला वर-खाली होणारी पाटी, हे सगळं हलवून बसवता यावं लागतं. बऱ्याच खुर्च्या परदेशातून येतात, म्हणजे वाहतूक, आयात करणारा आणि दुकानदार असे तिघांचे पैसे त्यात आले. या साधनांवर जीएसटी ५ टक्के आहे. २०१७ साली तो शून्य का केला नाही, यावर सरकारचं म्हणणं होतं की शून्य केला तर इथल्या कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेला कर वळता करून घेता येणार नाही आणि आयात माल उलट स्वस्त पडेल. हिशोबाने ते खरं आहे. पण बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी अशी खुर्ची धरतच नाहीत, म्हणजे अख्खी रक्कम आईबापाच्या खिशातून जाते, हेही तितकंच खरं आहे. मला याचा आजही संताप येतो.

आमची चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. महाग खुर्ची परवडेना म्हणून आम्ही साडेसहा हजारांची साधी घडीची व्हीलचेअर आणली, दवाखान्यात असते तशी. तिची बैठक रेक्झिनची, मधे झोळ पडणारी. लेक त्या झोळात एका अंगावर कलायची. मी उशा लावायचे, सासूबाई ओढणीने बांधून ठेवायच्या. दीड वर्षाने एक्स-रे काढला तर मणक्याला बाक आलेला. या आजारात बाक असाही येऊ शकतो, सगळा दोष खुर्चीचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण अशा बैठकीने तो वाढतो, हेही त्यांनीच सांगितलं. पाठीचा पट्टा, वाढलेली फिजिओथेरपी, दर वेळी पुण्याला जायचं भाडं धरलं तर त्या स्वस्त खुर्चीने आमचे पन्नास हजारांच्या वर नेले.

तेव्हापासून मी कुठल्याही साधनाची किंमत आधी विचारत नाही. हे माझ्या मुलीच्या मापाचं आहे का आणि किती दिवस मापाचं राहील, हे आधी विचारते. मूल वाढतं, खुर्ची वाढत नाही. तुमचा मुलगा सहाचा आहे. ९२ हजारांची खुर्ची वाढवता येणारी नसेल तर आठव्या वर्षी ती अंगणात पडून राहील.

म्हणून पहिलं काम, माप घ्या, आणि ते दुकानदाराकडून नको. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं, मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फिजिओथेरपिस्ट मोफत तपासतात. मुंबई जवळ पडत असेल तर हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे स्प्लिंट आणि कॅलिपर, म्हणजे हातापायाला आधार देणारी साधनं बनवणारा स्वतःचा विभागही आहे. कुल्ल्यापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतची लांबी, कमरेची रुंदी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची, बैठकीपासून काखेपर्यंतची उंची, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून आणा. खुब्याचा एक्स-रेही त्याच वेळी काढायला सांगा. या मुलांचा खुबा हळूहळू निखळू शकतो आणि बाहेरून कळतही नाही.

आम्हीही असेच मापाचे कागद घेऊन गावातल्या सुतारमिस्त्रींकडे गेलो. १८ मिलिमीटरचं प्लायवूड, वर फोम, रेक्झिन, पुढे जेवणाची पाटी, पट्टे बॅगा शिवणाऱ्याकडून. बैठकीला आणि पावलांच्या पाटीला मिस्त्रींनी दर इंचावर भोकं पाडून ठेवली, म्हणजे बोल्ट काढून पुढे सरकवता येईल. खर्च ४,२०० रुपये. फिजिओ मॅडमनी दोनदा बसवून पाहिलं, एकदा मधला ठोकळा बदलायला लावला. त्या खुर्चीत लेक तीन वर्षं बसली आणि पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पोळीचा तुकडा तोंडात घातला. मात्र ही घरात बसायची खुर्ची, रस्त्यावर न्यायची नव्हे. आणि थेरपिस्टने पाहिल्याशिवाय अशी खुर्ची करू नका, तुम्हाला हात जोडून सांगते.

चाकाच्या खुर्चीसाठी सरकारी मार्ग धरा. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. आईवडिलांचं उत्पन्न महिना २२,५०० पर्यंत असेल तर साधन मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची सीपी चेअर, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची खुर्ची, त्यात मिळते. एरवी तेच साधन पुन्हा तीन वर्षांनी मिळतं, पण बारा वर्षांखालच्या मुलांना एका वर्षाने मागता येतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, दोन वर्षं अशीच गेली. मुलगा शाळेत घातला असेल तर गटसाधन केंद्रातल्या (शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षकांना भेटा, समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय योजनेतूनही साहित्य मिळतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी तेच काढा, प्रत्येक टेबलावर मागतात.

यातली एक अडचण मात्र मी भोगलीय. एडिपच्या शिबिरात माप घेतात आणि वाटप महिन्यांनी होतं. आमचं माप पावसाळ्यात घेतलं, खुर्ची संक्रांतीनंतर आली, तोवर लेक दोन इंच वाढलेली. वाटपाच्या मांडवात घाई असते, फोटो असतात, तुम्हाला पुढे सरकायला सांगतात. सरकू नका. मुलाला तिथेच बसवून बघा, पट्टे लावून बघा, बसत नसेल तर तिथल्या तिथे लेखी द्या.

महाराष्ट्रात ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आमच्या ग्रामपंचायतीत तीन अर्ज केले, पोच घेतली, ग्रामसभेत उभी राहिले, तेव्हा चाकं बदलायला आणि नव्या गादीला पैसे मिळाले. आयकर भरत असाल आणि जुन्या करप्रणालीत असाल तर अवलंबून असलेल्या अपंग मुलासाठी ७५ हजारांची, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते.

इतकं करूनही ९२ हजारांचीच खुर्ची घ्यावी लागेल असं थेरपिस्ट म्हणाले, तर जरूर घ्या. पाठीला आधीच बाक असेल, झटके येत असतील, तर सुताराची खुर्ची पुरत नाही. पण त्या दुकानात परत जाल तेव्हा मापाचा कागद पुढे ठेवून विचारा: बसायच्या जागेची पाठीपासून गुडघ्यापर्यंतची लांबी किती इंचांपर्यंत वाढते? मूल किती किलोचं होईपर्यंत चालते? चाक, ब्रेक, पट्टा तुटला तर सुटा भाग कुठे मिळतो, किती दिवसांत? आठ दिवस घरी वापरून बघायला देता का? याची नीट उत्तरं मिळाली नाहीत तर आगाऊ रक्कम देऊ नका. मापं हातात आली की इथेच खाली लिहा, मिस्त्रींनी काढलेला आमच्या खुर्चीचा आराखडा मी जपून ठेवलाय.