मोरिझोचा ‘हिवाळा’ नीट बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परीक्षकांनी चित्रं ‘अर्धवट’ ठरवली म्हणून तू ती पुन्हा घोटायला घेतलीस, हे वाचून मला राहवलं नाही. ब्रश खाली ठेव आणि एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चित्रकार बर्त मोरिझो हिचं ‘हिवाळा’ हे चित्र बघ. १८८० चं आहे, सध्या अमेरिकेत डॅलसच्या संग्रहालयात असतं. नेटवर मोठं करून बघ.

कोट, टोपी आणि मफमध्ये, म्हणजे हात उबेला घालायच्या नळकांडीत, खुपसलेले हात. ऋतू म्हणजे कुणी देवी काढायची, ही युरोपातली जुनी रीत. मोरिझोने तिच्या काळातली, फॅशनचे कपडे घातलेली बाई उभी केली आणि तिलाच हिवाळा म्हटलं. जोडीला ‘उन्हाळा’ होता. दोन्ही त्याच वर्षी इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे मोकळ्या फटकाऱ्यांनी उजेड टिपणाऱ्या चित्रकारांच्या गटाच्या, पाचव्या प्रदर्शनात लागले. आता फटकारे बघ. चेहरा जपून रंगवलाय, पण कोटावर हात किती मोकळा सुटलाय! तिलाही ‘अपुरं’ हा शेरा जन्मभर ऐकावा लागला. तरी तिने कडा बुजवल्या नाहीत.

हा ठामपणा तिला सहज मिळाला नव्हता. १८७० मध्ये आई आणि बहिणीचं चित्र सलोंला, पॅरिसच्या मोठ्या अधिकृत प्रदर्शनाला, पाठवायचं होतं, मन धास्तावलेलं. तिचा चित्रकार मित्र एदुआर माने बघायला आला आणि त्याने ब्रशच हातात घेतला. आधी झग्याची खालची कड, मग धड, मग चेहरा, थांबेचना. चित्र तसंच गेलं आणि ती फार कष्टी झाली. तू परीक्षकांच्या धाकाने जे करते आहेस, ते मला याहून वेगळं वाटत नाही, म्हणून एवढं लिहिते आहे.

रंगवायला जागा नाही, असंही लिहिलंयस. मुलींना एकोल दे बोझार्तमध्ये, पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, १८९७ पर्यंत प्रवेशच नव्हता. तेव्हा बर्त आणि बहीण एदमा घरी शिकल्या, लूव्रमध्ये जुन्या चित्रांच्या नकला करत बसल्या. एदमाचा हात तितकाच तयार होता, पण १८६९ मध्ये लग्न झालं आणि तिचं रंगवणं जवळजवळ संपलं. बर्त लग्नानंतरही दिवाणखान्यात रंगवायची, पाहुणे आले की सामान आड करायची. इम्प्रेशनिस्टांच्या आठांपैकी सात प्रदर्शनांत तिची चित्रं होती. चुकलं ते १८७९ चं, मुलगी ज्युली तान्ही होती तेव्हा. १८९४ मध्ये फ्रेंच सरकारने तिचं चित्र विकत घेतलं. पुढच्याच वर्षी ती गेली, तर मृत्यूच्या दाखल्यावर ‘व्यवसाय नाही’ अशी नोंद! मला अजून राग येतो.

तेव्हा घोटलेली चित्रं बाजूला ठेव. या आठवड्यात आईला खिडकीपाशी बसव, अंगावर रोजचीच साडी असू दे, आणि एका बैठकीत होईल तेवढं रंगव. दुसऱ्या दिवशी हात लावू नकोस. ओलं असतानाच फोटो काढून मला पाठव.

तुझी,
बाई