जाहिरातीआधी स्वतःची साइट मोबाइलवर उघडून बघ

जाहिरातीवर पैसे घालायची घाई करू नकोस. आधी वायफाय बंद कर आणि मोबाइल डेटावर आपलीच साइट उघड, अगदी नवख्या गिऱ्हाइकासारखी. मुख्य मजकूर दिसायला २.५ सेकंदांहून जास्त लागले तर गूगलच्या निकषातही ती 'चांगली' ठरत नाही. बहुतेक वेळा दोष फोटोंचा असतो. कॅमेऱ्यातला ५ एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. तो १२०० पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात टाकलास तर बहुधा २०० केबीच्या आत बसतो, आणि डोळ्यांना फरक जाणवतही नाही.

फोन नंबर चित्रात लिहू नकोस, बोट लावताच फोन लागला पाहिजे. हे मला फार उशिरा कळलं. तोवर किती जण परत फिरले असतील, याची रुखरुख अजून आहे.

गूगलवर आणि मॅप्सवर तुझ्या धंद्याची माहिती दाखवणारं गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, आजच भर. पैसे देऊन रिव्ह्यू मात्र घेऊ नकोस, ते नियमाबाहेर आहे.

गूगलचं सर्च कन्सोल हे साधनही साइटला जोड. लोक काय शोधत तुझ्यापर्यंत येतात ते तिथे दिसतं. त्यातला एकेक प्रश्न घे आणि त्यावर एकेक पान लिही, गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगतोस तसंच.