जर्मनीत कंपनीप्रमुख म्हणून बोलावलंय, बायको-मुलांसह जायचंय. सही करण्याआधी काय बघावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय ४६, पुण्यात प्लँट हेड, श्टुटगार्टजवळच्या उपकंपनीत 'गेशेफ्ट्सफ्यूरर' म्हणून ऑफर. पत्नी डेंटिस्ट, मुलगी नववीत, मुलगा चौथीत. कंपनी म्हणते, आधी सही करा, फॅमिलीचं मागाहून बघू. हे मागाहूनचं मान्य करू नका. सही होईपर्यंत कंपनीला तुमची गरज असते, सही झाली की तुम्हाला कंपनीची.

आधी पदाबद्दल, कारण पुण्यातले बहुतेक जण याला नुसतं प्रमोशन समजतात. जीएमबीएच हा जर्मन कंपनीचा प्रकार म्हणजे ढोबळमानाने आपली प्रायव्हेट लिमिटेड, आणि गेशेफ्ट्सफ्यूरर हा तिचा कायदेशीर प्रतिनिधी. इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, भागधारकांच्या ठरावाने होणारी नेमणूक, जिची नोंद व्यापार नोंदवहीत होते. दुसरी, तुमच्या पगाराचा करार. नेमणूक भागधारक केव्हाही, कारण न देता काढून घेऊ शकतात. सामान्य जर्मन कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढण्याविरुद्ध जे कायद्याचं संरक्षण असतं, ते या पदाला लागू नाही. म्हणून जे काही संरक्षण हवं ते करारातच लिहून घ्यायचं: नोटीस पिरियड किमान ६ महिने, जमल्यास १२. 'पद गेलं की करारही संपला' असं जोडकलम असेल तर ते काढून टाकायला सांगा. नोकरी गेली तर चौघांचा परतीचा प्रवास आणि सामान हलवण्याचा खर्च कंपनीकडे. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायची बंदी घालणार असतील, तर त्या काळाचा मोबदला किती, हा आकडाही करारात हवा.

मग वैयक्तिक जबाबदारी. कंपनी पैसे देण्यास असमर्थ झाली तर जास्तीत जास्त ३ आठवड्यांत आणि कर्ज मालमत्तेपेक्षा जास्त झालं तर ६ आठवड्यांत दिवाळखोरीचा अर्ज करणं गेशेफ्ट्सफ्यूररवर बंधनकारक असतं. कामगारांच्या पगारातून कापलेला सामाजिक विम्याचा हिस्सा भरला नाही तर तो फौजदारी गुन्हा आहे. 'फायनान्स दुसरे डायरेक्टर बघतात' एवढं म्हणून सुटका होत नाही, देखरेखीची जबाबदारी राहतेच. त्यामुळे डी अँड ओ विमा (संचालकांवर येणाऱ्या वैयक्तिक दाव्यांचा विमा) हवा, आणि तुम्ही पद सोडल्यावरही मागच्या काळातले दावे त्यात धरलेले हवेत. सही करण्याआधी मागच्या ३ वर्षांचे ताळेबंद मागा. द्यायला कुरकुर झाली तर तेही एक उत्तरच आहे.

आता आरोग्यविमा. इथली चूक सगळ्यात महाग पडते. वार्षिक पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल (२०२६ साठी ७७,४०० युरो) तर सरकारी आणि खाजगी यांतून निवड करता येते. खाजगीचा एजंट एका माणसाचा हप्ता दाखवतो आणि तो स्वस्त वाटतो. पण खाजगीत माणशी वेगळा हप्ता, बीपी-शुगर असेल तर वर अधिभार, आणि वयाबरोबर वाढ. सरकारीत हप्त्याला वरची मर्यादा आहे, आणि न कमावणारी पत्नी व मुलं त्याच हप्त्यात येतात. चौघांच्या घराला माझं मत सरळ सरकारीच्या बाजूने. मेख अशी की इतक्या पगारावर भारतातून पहिल्यांदाच तिथे नोकरीला लागणाऱ्याला सरकारी विम्यात स्वेच्छेने शिरायला कामावर रुजू झाल्यापासून ३ महिनेच मिळतात. एकदा खाजगीत गेलात आणि वयाची ५५ ओलांडली, की परतीचं दार जवळजवळ बंद. तुमच्याकडे जेमतेम ९ वर्षं आहेत.

मुलांच्या शाळेवरून निघायची तारीख ठरवा. जर्मनीत शाळा सक्तीची आहे, घरी शिकवणं चालत नाही. श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्यूर्टेम्बेर्गमध्ये वर्ष सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतं. तिथे प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आणि त्यानंतर मुलगा गिम्नाझियमला (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जाणार की दुसऱ्या प्रकारच्या शाळेत, हे ठरतं. चौथी करून गेलेल्या मुलाला जर्मन येत नसताना थेट या चाळणीवर उभं करू नका. एक वर्ष मागे, म्हणजे पुन्हा चौथीत किंवा भाषेच्या तयारी वर्गात घ्यायला शाळेला विनंती करा. आपल्याकडे वर्ष 'वाया' जाण्याची जी धास्ती असते ती इथे बाजूला ठेवलेली बरी. दोन्ही मुलांची लसीकरण कार्डं घ्या, गोवरचे दोन डोस झाल्याचा पुरावा शाळा मागतेच.

मुलीचं अवघड आहे. नववी-दहावीत जर्मन माध्यमात टाकणं म्हणजे गणित येत असूनही गणितात नापास होणं. तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय शाळा, इंग्रजीतला आयबी अभ्यासक्रम. फी वर्षाला २०,००० युरोच्या आसपास धरा. कंपनी फी भरते तेव्हा ती रक्कम सहसा तुमचं करपात्र उत्पन्न धरली जाते. त्यामुळे 'फी कंपनी देईल' एवढं पुरेसं नाही, 'फी आणि तिच्यावरचा कर कंपनी देईल' असं लिहून घ्या. दुसरा पर्याय म्हणजे तिची दहावीची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत पत्नी-मुलं पुण्यात आणि तुम्ही एकटे पुढे. तसं असेल तर वर्षातून किती तिकिटं, तेही करारात.

भारतातला करही निघायच्या तारखेलाच जोडलेला आहे. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याचा त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असला तर तो त्या वर्षी अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून सलग इथेच असाल, तर २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसायला हवं. ऑगस्टमध्ये निघालात की शाळा आणि कर दोन्ही साधतात. गेल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करा. पुण्यातला फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा की अनिवासी मालकाच्या भाड्यावर ३० टक्के अधिक उपकर टीडीएस कापायचा आहे. ब्रोकर हे सहसा सांगत नाहीत.

कागदपत्रांत मराठी घरांची नेहमीची अडचण नावांची. पत्नीच्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही. मुलाच्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना कोरा, कारण बारसं नंतर झालं. पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव मुलाच्या नावाला चिकटलेलं, त्यामुळे जर्मन कार्यालय ते मुलाचं दुसरं नाव समजतं. विवाह प्रमाणपत्र, जन्मदाखले आणि पासपोर्ट यांतली अक्षरं व्हिसाअर्जाच्या दोन-तीन महिने आधी जुळवून घ्या. तुमची पदवी आणि विद्यापीठ 'अनाबिन' या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत कसं नोंदलंय तेही बघा.

तुम्हाला ब्ल्यू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) मिळालं तर पत्नीला जर्मनच्या ए१ या पहिल्या पातळीच्या परीक्षेची अट नाही आणि काम करायची मुभा पहिल्या दिवसापासून. पण डेंटिस्ट म्हणून नाही. त्यासाठी 'अप्रोबात्सिओन' हा परवाना लागतो: वैद्यकीय जर्मनची सी१ या वरच्या पातळीची परीक्षा, आणि पदवी समकक्ष धरली नाही तर ज्ञानाचीही परीक्षा. दीड-दोन वर्षं सहज जातात. तिने पुण्यातच मॅक्सम्यूलर भवनात सुरुवात करावी आणि भाषेच्या क्लासचा खर्च कंपनीकडून घ्यावा. बाहेरगावी नेलेला संसार मोडकळीला येतो तो बहुधा नवऱ्याच्या ऑफिसातून नव्हे, घरी बसलेल्या शिकलेल्या बायकोच्या रिकाम्या दिवसांतून.

गाडी कंपनी देईलच, खाजगी वापरासाठी दरमहा किमतीचा १ टक्का करपात्र उत्पन्नात धरतात (इलेक्ट्रिकला कमी). पण भारतीय लायसन्स तिथे ६ महिनेच चालतं. मग लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते, रस्त्यावरच्या परीक्षेत परीक्षक जर्मनमध्येच बोलतो. पहिल्याच महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलला नाव घाला, नाहीतर सातव्या महिन्यात कंपनीप्रमुख बसस्टॉपवर.

घर बघताना 'काल्टमीटे' म्हणजे हीटिंग वगैरे सोडून भाडं. डिपॉझिट त्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. रिकामं घर म्हणजे बऱ्याचदा ओटा-सिंकसुद्धा नाही, स्वयंपाकघर स्वतः बसवायचं. म्हणून पहिले ३ महिने कंपनीच्या खर्चाने फर्निश्ड फ्लॅट मागा. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, घरमालकाचं पत्र घेऊन. टॅक्स नंबर त्यानंतर पोस्टाने येतो, म्हणून दारावरच्या पेटीवर आडनाव लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

सामानात ६ महिने वापरलेल्या घरगुती वस्तू करमुक्त नेता येतात. तूप, पेढे आणि हापूस मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.