सूर-सवाल: जयपूरवाल्या बापाला मिरज आवडायला लागली तर?

प्रश्न: नमस्कार मास्तर. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतला, पंचेचाळिशी ओलांडलेला, गाणं येत नाही पण ऐकायचा नाद लई. वडील लहानपणापासून देवल क्लबला, म्हणजे इथल्या गाण्याच्या जुन्या संस्थेत, न्यायचे त्यामुळं आमच्या घरात अल्लादियाखाँसाहेबांचं जयपूर घराणं, म्हणजे त्यांची गायची रीत, म्हटलं की विषय संपला, बाकीचे सगळे आपले ठीक. आणि मिरज म्हणजे आमच्या लेखी काय तर दवाखाने, आणि पुण्याला जाताना गाडी थांबते ते जंक्शन. आता झालंय असं की बायकोला मिरजेतल्या हॉस्पिटलात नोकरी लागलीय, लेक दहावीला आहे, तिची परीक्षा झाली की तिकडंच घर बघायचं घाटतंय. मी आधी फुल्ल विरोधात होतो. पण लेकीच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या तानपुरा मिरजेतनंच घ्या, म्हणून सतारमेकर गल्लीत नुसतं बघायला गेलो तर दुपार कुठं गेली कळलंच नाही, आणि तेव्हापासून कायतरी निमित्त काढून जातोय. कट्ट्यावर दोस्त मला आत्तापासनंच 'मिरजकर' म्हणायला लागलेत. दोन गोष्टी सांगा, तिकडं राहून माझी जयपूरची भूक भागंल का, आणि तानपुरा घेताना बघायचं काय? दुकानात सगळेच छान वाजतात.
— एक बाप, राजारामपुरी

उत्तर: दादा, आधी कट्ट्याचा बंदोबस्त करू. त्यांना एकच नाव सांगायचं, मल्लिकार्जुन मन्सूर. जयपूर गायकी म्हटलं की तुमच्या घरात ज्यांचं नाव हमखास निघत असणार ते मन्सूर मंजीखाँ आणि मग भूर्जीखाँ, म्हणजे थेट अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडं शिकले हे बरोबर, पण त्याच्या आधी त्यांचा गळा तयार झाला तो मिरजेच्या नीलकंठबुवांकडं, आणि तो पण ग्वाल्हेरच्या, म्हणजे दुसऱ्याच घराण्याच्या, गायकीत. आता बोला म्हणावं.

दवाखान्याचं म्हणाल तर त्याच दवाखान्यानं गाण्याचं भलं केलंय. विष्णू दिगंबर पलुस्कर आपल्या कुरुंदवाडचे, जन्म 1872 चा, लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले आणि उपचाराला म्हणून मिरजेला आणलं. डोळे काय पूर्ण सुधारले नाहीत, पण तिथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते, ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारा माणूस, त्यांच्याकडं पोरगं गाणं शिकायला बसलं आणि पुढं 1901 साली त्यानं लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तुमची लेक उद्या गांधर्वच्या परीक्षेला बसली तर ती परीक्षा कुठनं निघाली हे तिला सांगा.

आता भुकेचं. खरं सांगू का, जशीच्या तशी नाही भागायची. मिरजेवर सावली आहे ती अब्दुल करीमखाँसाहेबांची, म्हणजे किराना घराण्याची, आणि जयपूरवाल्या कानाला किराना सुरवातीला जड जातोच. तुमच्या कानाला सवय काय, तर 'आ'कारातली आलापी आणि तान लयीशी खेळत आवर्तन (तालाचा एक फेरा) भरत जाते आणि समेवर (फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर) अशी येऊन पडते की मान आपोआप हलते. किरान्याचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, इतका सावकाश असतो की तबल्याचा ठेका पार मागं राहतो, गायक एका गंधारावर (ग स्वरावर) बसला की बसला, तिथं तुम्ही मात्रा मोजत बसलात तर पेंग येणार हे लिहून घ्या. तिथं समेची वाट बघायची नाही, स्वर लागतो कसा, लागल्यावर टिकतो कसा, एवढंच ऐकायचं. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत, त्यापासनं सुरू करा, कंटाळायला वेळच मिळत नाही. लांब ख्यालाकडं नंतर वळा. (जयपूरवाले एकदा किरान्यात रमले की परत येत नाहीत असं आमचे एक गुरुबंधू म्हणायचे, पण ते स्वतः परत आले होते.)

खाँसाहेब 1937 ला दक्षिणेत प्रवासात वारले आणि त्यांना मिरजेत आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर्ग्याच्या उरसात खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं-बजावणं होतं, मोठमोठे कलाकार हजेरी लावून जातात. उरसाची तारीख चंद्राच्या कॅलेंडरनं दरवर्षी मागं सरकते, तेव्हा आधी चौकशी करून जा. आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव असतो. हो, मिरजेला पण अंबाबाई आहे, कोल्हापुरात हे जरा हळू आवाजात बोला. आणि तसंही कोल्हापूर काय लांब राहणार आहे? पन्नास किलोमीटर. देवल क्लब 1883 पासनं आहे, तुम्ही राहायला मिरजेला गेलात म्हणून कुठं पळून जात नाही. 2024 च्या ऑगस्टात कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा आपण सगळेच हळहळलो, त्या हळहळणाऱ्यांत मिरजेचे पण होते हे कट्ट्याला सांगायला हरकत नाही.

तानपुऱ्याचं जरा सविस्तर सांगतो कारण पैसे इथंच जातात. दुकानात सगळे छान वाजतात कारण तुम्ही नुसती तार छेडून बघताय. आधी लेकीची पट्टी, म्हणजे तिचा सा कुठल्या सुरावर ते, बाईंकडनं पक्की करून घ्या, काळी चार असो नाहीतर पांढरी पाच, त्याप्रमाणं लेडीज तानपुऱ्याचा आकार आणि तारांची जाडी ठरते. मग त्याच पट्टीत लावायला सांगा आणि लेकीला समोर बसवून सा लावायला लावा. तिचा आवाज तानपुऱ्यात मिसळून दिसेनासा झाला पाहिजे, वेगळा उठून दिसला तर दुसरा बघा.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा असतो, त्याला तडा नाही ना, जोडावर लुकण (भेगा बुजवायचा लगदा) भरून वर रंग दिलेला नाही ना हे उजेडात नेऊन बघा. दांडी सरळ पाहिजे. खुंट्या फिरवून बघा, घसरणारी खुंटी पावसाळ्यात रडवते. आणि मग जवारी, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासून घेणं. ती लावताना लेकीला शेजारीच बसवा, ही फुकटची शिकवणी आहे. घोडीवर तार टेकते तिथं अगदी बारीक उतार असतो, कारागीर काणशीनं एक-दोन हात मारतो, तार छेडतो, कान लावतो, परत एक हात. मग तारेखाली सुताचा दोरा घालून केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवतो आणि एका जागी ती मुकी तार अशी उघडते की दुकानातलं बोलणं थांबतं. तुमची दुपार तिथंच गेली असणार बघा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 ला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, चांगलंच झालं, पण खरेदी मानांकन बघून नाही, कानानं करायची. ज्यानं बनवला त्याचं नाव विचारून ठेवा, जवारी झिजून बसली की परत त्याच हाताकडं न्यायचा. आणि घरी आणताना एसटीच्या रॅकवर नाही, मांडीवर.

घर बघताना तेवढं सतारमेकर गल्लीपासनं चालत जाता येईल असं बघा. बायकोला कारण हॉस्पिटल जवळ पडतं असं सांगा.

प्रश्न: मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप असताना खऱ्याला एवढे पैसे कशाला घालायचे?
— विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर: रोजच्या रियाजाला अ‍ॅप चालतं की, मी पण वापरतो. पण अ‍ॅप कायम लागलेलंच असतं, त्यामुळं तार लावायची म्हणजे नेमकं काय करायचं हे कान शिकतच नाही. नवा घेऊ नकोस हवा तर, पण क्लासमधल्या तानपुऱ्यावर बाईंना विचारून हात बसव. आधी जोडाच्या (मधल्या) दोन तारा षड्जात (सा), मग खर्ज (खालचा सा), मग पंचम (प). पहिले काही दिवस अर्धा तास त्यातच जाईल, जाऊ दे.